वाकवलेल्या मिती धरून कोण ठेवतं?

महाळुंग्यातल्या कुठल्याही प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या माणसाला ‘स्प्रिंगबॅक’ समजावून सांगावा लागत नाही. पत्रा नव्वद अंशांत वाकवला, डाय उघडली, की तो थोडा उलगडतोच. वाकवणं सोपं, वाकलेलं टिकवणं अवघड. गेल्या शंभर वर्षांत भौतिकशास्त्रालाही अशीच अडचण आली. तिथे पत्र्याच्या जागी अवकाश होतं.

१९२१मध्ये थिओडोर कालुझा या जर्मन गणितज्ञाचा एक निबंध छापून आला. त्याने आइन्स्टाइनची समीकरणं चारऐवजी पाच मितींत मांडली, तर गुरुत्वाकर्षणाबरोबर विद्युतचुंबकत्वही आपसूक बाहेर पडलं. मग पाचवी मिती दिसत का नाही? १९२६मध्ये ऑस्कर क्लाइन म्हणाला, ती गुंडाळलेली आहे. पत्र्याची बारीक नळी लांबून रेघ वाटते, तसं.

पुढे स्ट्रिंग थिअरीने दहा मिती मागितल्या. आपल्या ओळखीच्या चार : अवकाशाच्या तीन आणि काळाची एक. उरलेल्या सहा कशा गुंडाळायच्या, हे १९८५मध्ये कॅन्डेलास, होरोविट्झ, स्ट्रॉमिंजर आणि विटेन यांनी ‘कालाबी-याऊ’ आकार वापरून दाखवलं. पण या आकारांना क्लॅम्प नव्हता. ते लहान-मोठे होऊ शकत होते, काळाबरोबर बदलू शकत होते. आणि लपलेल्या मितींचं घनफळ वाढलं, की आपल्या जगातलं गुरुत्वाकर्षण दुबळं होतं. म्हणजे आतली भूमिती हलली, तर ताऱ्यांचं जळणंही बदलणार.

१९९८मध्ये पेच आणखी वाढला. दूरच्या सुपरनोव्हा तपासणाऱ्या दोन गटांना दिसलं, की विश्वाचं प्रसरण वेग घेतंय. याचा सरळ अर्थ, रिकाम्या अवकाशातही थोडी धन ऊर्जा आहे. पण स्ट्रिंग थिअरीत अशी ऊर्जा लपलेल्या मितींना उलगडायला ढकलते. पुन्हा स्प्रिंगबॅक!

इथे गोष्ट मुंबईत येते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले संदीप त्रिवेदी आणि स्टॅनफर्डचे शमित काचरू, रेनाटा कॅलॉश, आंद्रेइ लिंडे यांनी जानेवारी २००३मध्ये एक शोधनिबंध जाहीर केला. चौघांच्या आडनावांवरून त्याला ‘केकेएलटी’ म्हणतात. त्यांची कृती तीन टप्प्यांची होती. आधी चुंबकीय रेषांसारखी क्षेत्रं आकाराच्या भोकांतून ओवायची, म्हणजे आकार पक्का होतो. मग पुंज परिणामांनी घनफळ धरायचं. एवढ्याने ऊर्जा ऋण राहते, म्हणून शेवटी ‘प्रतिब्रेन’ नावाची वस्तू ठेवून ती शून्याच्या किंचित वर उचलायची.

हा क्लॅम्प कायमचा नाही. कधीतरी तो सुटेल आणि सहाही मिती उलगडतील. मात्र त्याला विश्वाच्या आजच्या वयापेक्षा कल्पनेपलीकडे जास्त काळ लागेल.

त्याच वर्षी मालदासेना आणि मॅकअ‍ॅलिस्टर यांना सोबत घेऊन या चौघांनी विश्वाच्या आरंभीचा प्रचंड वेगवान फुगवटा, म्हणजे इन्फ्लेशन, याच चौकटीत बसवून पाहिलं. तेव्हा कळलं, की घनफळ घट्ट धरलं की इन्फ्लेशनला लागणारा सपाट उतार बिघडतो. एक नट आवळला की दुसरीकडे ताण येतो.

२०१८मध्ये कमरुन वाफा आणि सहकाऱ्यांनी मूळ दाव्यावरच बोट ठेवलं : स्ट्रिंग थिअरीत असा क्लॅम्प कदाचित शक्यच नसेल. त्यांचं खरं असेल, तर अवकाशातली ही ऊर्जा स्थिर नसून हळूहळू बदलत असणार. वाद अजून मिटलेला नाही. २०२४ आणि २०२५मध्ये अमेरिकेतल्या ‘डेसी’ सर्वेक्षणाला ही ऊर्जा काळाबरोबर बदलत असल्याच्या खुणा दिसल्या. त्या अजून पुरावा नाहीत. त्या खऱ्या ठरल्या, तरी कारण लपलेल्या मितीच आहेत, असंही सिद्ध होत नाही.

महाळुंग्यातला डायमेकर पत्रा काढून गेजवर ठेवतो आणि स्प्रिंगबॅक किती आला ते मोजतो. आपल्याला विश्वाबाहेर पडून ते गेजवर ठेवता येत नाही. म्हणून लाखो दीर्घिकांची अंतरं मोजायची, आणि धरलेलं सुटतंय का ते पाहत राहायचं.