नहर, नळ आणि निळे पिंप

शहराचा इतिहास राजवटींच्या सनावळीपेक्षा पाण्याभोवतीच्या शब्दांत अधिक नेमका सापडतो, असे म्हणण्याचा मोह औरंगाबादच्या, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बाबतीत आवरत नाही. नहर आणि हौद हे शब्द अरबीतून आले. पाठीवर पखाल वाहणारा भिस्ती फारसीतून आला. मूळ शब्द 'बिहिश्ती', म्हणजे स्वर्गातला. तहानलेल्या माणसाने पाणी आणणाऱ्याला याहून वेगळे काय म्हणावे? बंब आणि पिंप हे पोर्तुगिजांचे देणे, तर टँकर इंग्रजीचे. नळ तेवढा संस्कृतातला. हे सारे शब्द या शहरात एकाच वेळी नांदतात. मात्र त्यांतला प्रत्येक शब्द जगण्याची एक निराळी रीत घेऊन आला आहे.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न तटबंदीचा नव्हे, पाण्याचा होता. खाम ही काही राजधानी पोसणारी नदी नव्हे आणि गावाच्या नावातच खडक. हबशी गुलाम म्हणून हिंदुस्थानात आलेल्या आणि निजामशाहीचा सर्वाधिकारी झालेल्या या माणसाने उत्तर जमिनीखाली शोधले. शहराच्या उत्तरेला डोंगर आहेत. पावसाचे पाणी तिथे मुरते आणि कठीण खडकाच्या वर, मुरमाच्या थरातून सावकाश उताराकडे झिरपत राहते. त्या थरातून बांधीव भुयार काढायचे, पाझर त्यात गोळा होऊ द्यायचा आणि केवळ उताराच्या बळावर तो वस्तीपर्यंत आणायचा, हे नहरीचे तत्त्व. वाटेत ठरावीक अंतरावर उसासे ठेवायचे, म्हणजे हवा खेळती राहते आणि गाळ काढायला माणूस आत उतरू शकतो. शहरात शिरल्यावर पाणी खापरी नळांतून हौदांत जाई. उंच बंबे नळांतली कोंडलेली हवा सोडून दाब सांभाळत. ना मोट, ना बैल. पाणी झाकलेले, म्हणून ऊन नाही, पालापाचोळा नाही.

ही युक्ती इराणातल्या कारेझची, आणि ती एकट्या अंबरची नव्हती. निजामशहांच्या अहमदनगरात नहरी होत्याच. गंमत अशी, की १६१५ च्या सुमारास बुऱ्हाणपुरात अब्दुल रहीम खानखानानच्या कारकिर्दीत याच धर्तीचा खुनी भंडारा बांधला जात होता. म्हणजे दख्खनच्या रणांगणावर एकमेकांसमोर उभे असलेले दोन सेनानी आपापल्या शहरांत एकच विद्या राबवत होते. आपले इतिहासलेखन त्यांच्या लढायांची नोंद ठेवते. भुयारांची जबाबदारी मात्र पुरातत्त्वाच्या मंडळींवर टाकून मोकळे होते. असो.

अठराव्या शतकात पाणचक्की उभी राहिली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ, दूरच्या झऱ्याचे पाणी खापरी नळांतून आणून उंचावरून खाली सोडले आणि त्याच्या जोरावर जाते फिरवून फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी दळण दळले. पुढे नहरींवर घरे चढली, उसासे बुजले, आणि पाण्याची दिशाच बदलली.

१९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीचा पायाभरणी समारंभ केला आणि १९७६ मध्ये धरण राष्ट्राला अर्पण झाले. नाथसागराची क्षमता १०२ टीएमसीहून अधिक. औद्योगिक वसाहतींबरोबर फुगत गेलेल्या शहराने साहजिकच तिकडे तोंड वळवले. पण पैठण खाली आणि शहर वर. शंभर मीटरहून अधिक चढ, पन्नासेक किलोमीटर अंतर. उतरणाऱ्या पाण्यावर वाढलेले शहर चढवलेल्या पाण्यावर जगू लागले. वीज गेली की पाणी जाते, हे वाक्य नहरीच्या काळात निरर्थक ठरले असते.

पैठणला एकनाथांच्या वाड्यात रांजण दाखवतात. प्रत्यक्ष श्रीकृष्ण श्रीखंड्या होऊन कावडीने गोदेचे पाणी त्यात भरी, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. देवालाही पाणी खांद्यावरच वाहावे लागले, याकडे मात्र कथेतल्या चमत्कारामुळे आपले लक्ष जात नाही. पाणी भरणे हे श्रम आहेत, आणि त्या श्रमांची वाटणी कधीच समान नसते.

गेल्या दोन दशकांत शहरात पाणी दोन दिवसांआड, चार दिवसांआड, उन्हाळ्यात कधी आठवड्याने येऊ लागले, तेव्हा घराघरांत श्रीखंड्याची जागा बहुधा बायकांनी घेतली. पाणी पहाटे येणार असेल तर झोप त्यांची मोडते; कुणाच्या घरी जायचे ते 'पाण्याचा दिवस' पाहून ठरते. आणि दारात, गच्चीवर, मोरीत निळे पिंप उभे राहिले. या पिंपाने शहराचे आरोग्य बदलले आहे. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य खाते सांगते, आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, भांडी रिकामी करून घासून पुसून ठेवा. सल्ला शास्त्रशुद्धच आहे. पण पुढचे पाणी सातव्या की आठव्या दिवशी, याची खात्री नसलेली बाई अर्धे भरलेले पिंप ओतून देईल, अशी अपेक्षा कुणी करावी? आपल्याकडे रोगाचा दोष सवयींना देण्याची रीत जुनी आहे. इथे सवय वेळापत्रकाने लावली आहे. शिवाय खंडित पुरवठ्यात नळ रिकामे पडतात, तेव्हा दाब उरत नाही आणि फटींतून बाहेरचे सांडपाणी आत ओढले जाते. नहरीतून अखंड वाहणाऱ्या पाण्याला हा धोका नव्हता, तिचे इतर धोके असले तरी.

नहरी परत आणा, असे म्हणणाऱ्यांशी माझे जुळत नाही. लाखोंच्या शहराला डोंगराचा पाझर पुरणार नाही, आणि नहरीच्या काळात शुद्ध पाणी सर्वांच्या दारी पोहोचत होते, असे मानणे हा स्मरणरंजनाचा भाग झाला. पण नव्या योजनांचा इतिहासही काही सरळ नाही. मधल्या काळात 'समांतर' जलवाहिनी गाजली. पाणीपुरवठा २०१४ मध्ये खाजगी कंपनीकडे गेला आणि २०१६ मध्ये महापालिकेने तो करार मोडला. समांतर रेषा कुठेच मिळत नाहीत, हा विनोद गावाने मनसोक्त करून घेतला. त्यानंतरच्या योजनेचे भूमिपूजन २०२० मध्ये झाले. तिची मुख्य नळवाहिनी अडीच मीटर व्यासाची आहे. तिच्यातून उंच माणूसही ताठ मानेने चालत जाईल. नहर-ए-अंबरीच्या भुयारातही काही भागांत माणसाला असेच चालत जाता येत असे, गाळ काढण्यासाठी.