कोल्ह्यांना दिलेली बेटे

अलास्कापासून पश्चिमेकडे पसरलेल्या अल्यूशियन बेटांवर झाडे नाहीत, आणि पश्चिमेच्या टोकाकडच्या बेटांवर जमिनीवरून फिरणारा शिकारी प्राणीही मुळात नव्हता. म्हणून तिथला लहान चणीचा रानहंस गवतात, जमिनीवरच घरटे करत आला. १७५० च्या सुमारास रशियन फर-व्यापाऱ्यांनी अट्टू बेटावर ध्रुवीय कोल्हे सोडले. या धंद्याला भांडवल फारसे लागत नसे: समुद्र हे कुंपण, पक्षी हे खाद्य, काही काळाने येऊन सापळे लावायचे आणि कातडी न्यायची. कोल्ह्यांनी अंडी खाल्ली, पिल्ले खाल्ली, पिसे झडल्यामुळे उडता न येणारे मोठे हंसही खाल्ले. १८६७ मध्ये अलास्का अमेरिकेकडे गेला, तरी धंदा चालूच राहिला. १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी ही बेटे पक्ष्यांसाठी राखून ठेवली, पण त्याच आदेशात फरसाठी प्राण्यांची पैदास हाही एक उद्देश होता. या इतिहासात याहून खेदाचे काही नाही. १९३६ पर्यंत या हंसांच्या विणीच्या टापूतल्या १९० हून अधिक बेटांवर कोल्हे पोचले होते.

हंस जवळजवळ संपले ते कोल्ह्यांमुळे की ते हिवाळा काढतात त्या कॅलिफोर्नियातल्या शिकारीमुळे, हा प्रश्न रास्त आहे. १९७५ मध्ये तिथे शिकारबंदी आली, तेव्हा मोजणीत जेमतेम ७९० हंस भरले होते. बंदीनंतर संख्या वाढू लागली. तरीही माझ्या मते निर्णायक पुरावा अल्यूशियनमधल्या बुल्डीर बेटाचा आहे. नामशेष मानलेले हे हंस १९६२ मध्ये जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट जोन्स यांना तिथे सापडले. बुल्डीर दूर, नौका लावायला अवघड, म्हणून तिथे कोल्हे कधी सोडलेच गेले नाहीत. बंदुका तर तिथल्या हंसांवरही चालतच होत्या. दक्षिणेतला धोका सारखाच असताना जिथे घरटे सुरक्षित होते तिथलाच थवा टिकला. शिकारबंदीने उरलेले प्रौढ पक्षी वाचवले हे खरेच, पण पिल्ले वाढायला मोकळी बेटे हवी होती. जोन्स यांनी १९४९ मध्ये अम्चित्का बेटावर सुरू केलेले कोल्हे हटवण्याचे काम पुढे बेटामागून बेट चालले. बंदिवासात वाढवलेले हंस सोडून फारसे साधले नाही. बुल्डीरवरून आणलेली रानटी कुटुंबे मात्र कोल्हेमुक्त बेटांवर रुजली. २००१ मध्ये हा हंस संकटग्रस्तांच्या यादीतून निघाला, तेव्हा संख्या ३७,००० च्या आसपास होती. पुढे कॅलिफोर्नियातल्या कुरणांवर थवे उतरू लागले, शेतकऱ्यांच्या तक्रारी आल्या आणि शिकार पुन्हा खुली झाली. तरी संख्या वाढत एक लाखापलीकडे गेली.