फिरती कर्मशाळा

मोटारगाडी, तोफ, शेतीची अवजारे किंवा अन्य यंत्रसामग्री जेथे नादुरुस्त होऊन पडते तेथेच जाऊन ती दुरुस्त करता यावी, यासाठी हत्यारे, यंत्रे, सुटे भाग व शक्तीचे साधन यांनी सज्ज केलेल्या वाहनास फिरती कर्मशाळा म्हणतात. वाहनाची भारक्षमता व आतील जागा ठरलेली असते आणि त्यात बसविलेले प्रत्येक यंत्र तेवढ्याच सुट्या भागांची जागा अडविते. त्यामुळे बरोबर काय न्यावयाचे आणि कोणते काम कायम कर्मशाळेसाठी मागे ठेवावयाचे, हा तिच्या रचनेतील मूळ प्रश्न होय. या प्रश्नाची उत्तरे काळानुसार बदलत गेली व त्याबरोबर वाहनाचे अंतरंगही बदलले.

घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या तोफखान्याबरोबरची फिरती भट्टी ही या वाहनाची पूर्वपीठिका मानता येईल. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) सहा तोफांच्या बॅटरीबरोबर एक फिरती भट्टी व एक सामानगाडी असावी, असा प्रघात होता. भट्टीच्या गाड्यावर लोखंडी चूल, तिच्याशेजारी लाकडी घरात बंद केलेला भाता, कोळशाची पेटी व दांड्याला जोडलेला शेगडा असे. ऐरण प्रवासात गाड्यावर वाहून नेत व मुक्कामी ओंडक्यावर मांडीत. सामानगाडीत सुताराची व खोगीर शिवणाऱ्या कारागिराची हत्यारे असत. घोड्यांचे नाल, चाकांच्या धावा, बिजागऱ्या, खिळे हे सर्व लोखंडी पट्ट्यांतून लोहार जागीच घडवी. सुटा भाग मागवावयाचा ही कल्पना येथे गौण होती. कच्चा माल व कारागीर बरोबर असले म्हणजे पुरे.

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) मोटार ट्रक आला आणि भट्टीची जागा लेथने घेतली. फ्रान्समधील ब्रिटिश सैन्यात तोफांच्या दुरुस्तीसाठी फिरत्या कर्मशाळांची हलकी, मध्यम व जड अशी पथके उभारण्यात आली. तोफ दूरच्या तळावर पाठविण्यात वेळ जाई व तेवढे दिवस आघाडीवरील मारा दुबळा होई, हे त्यामागील कारण. अशा ट्रकमध्ये लेथ, छिद्रण यंत्र, शाणन यंत्र व शेगडा बसविलेले बाक असे. ही यंत्रे छोट्या पेट्रोल एंजिनावर चालत. बाजूच्या फळ्या खाली पाडल्या की कामाची जमीन रुंदावे व वर ताडपत्री ताणता येई. लेथ गाडीच्या स्प्रिंगांवर डोलत राहिला तर अचूक कापणी होत नाही; म्हणून काम सुरू करण्यापूर्वी चासीखाली जॅक किंवा ठोकळे देऊन गाडी समपातळीत व स्थिर करावी लागते. स्थिर कर्मशाळेत पाया एकदाच घालावा लागतो, येथे तो रोज नव्याने घालावा लागे. खंदकयुद्धात आघाडी फारशी हलत नसल्याने फिरती म्हणविणाऱ्या या कर्मशाळांपैकी कित्येक दीर्घकाळ एकाच ठिकाणी मुक्काम ठोकून असत, ही त्यातील विसंगती नोंदण्यासारखी आहे.

लेथ बरोबर असूनही एक अडचण सुटत नव्हती. १९१६ मध्ये जनरल पर्शिंग यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन सैन्य मेक्सिकोत शिरले, तेव्हा त्याच्याबरोबरचे ट्रक अनेक कंपन्यांचे होते. एका बनावटीचा भाग दुसरीला बसत नसे आणि प्रत्येक भाग रानात कातून काढणे शक्य नव्हते. १९१७ मध्ये आराखडा केलेला ‘लिबर्टी’ हा प्रमाणित लष्करी ट्रक या अनुभवानंतरचा. प्रमाणीकरणामुळे वाहनांची बांधणी जितकी सुलभ झाली, तितकीच फिरत्या कर्मशाळेची रचनाही पालटली. भाग घडविण्याऐवजी तयार भाग बदलणे हे तिचे मुख्य काम होऊ लागले.

या बदलाची खरी कसोटी दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लागली. नोव्हेंबर १९४१ मधील सिदी रेझेघच्या लढायांत निकामी झालेले रणगाडे रणभूमीवरून ओढून नेऊन पुन्हा लढाईत उतरविण्यात जर्मन सैन्य अधिक तत्पर ठरले. पुष्कळ रणगाडे पार नष्ट झालेले नसत; तुटलेला पट्टा किंवा बंद पडलेले एंजिन हेच त्यांचे दुखणे असे. अशा रणगाड्यापर्यंत प्रथम कोण पोहोचतो, यावर पुढच्या दिवसाचे संख्याबळ अवलंबून राही. ब्रिटिश सैन्यात दुरुस्तीचे काम निरनिराळ्या दलांत विखुरलेले होते. कुशल कारागिरांच्या वापराविषयी विल्यम बेव्हरिज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केलेल्या शिफारशीनंतर १ ऑक्टोबर १९४२ रोजी विद्युत् व यांत्रिक अभियंत्यांचे स्वतंत्र दल (रीमी) स्थापन झाले. एल् अलामेनची लढाई त्याच महिन्यात सुरू झाली. भारतीय सैन्यातही असे दल १९४३ मध्ये उभे राहिले. अमेरिकन सैन्याने देखभालीच्या कामाचे पाच स्तर पाडले होते. चालकाने करावयाची निगा हा पहिला, तर तळावरील संपूर्ण पुनर्बांधणी हा पाचवा स्तर. फिरत्या कर्मशाळांकडे मुख्यतः तिसरा स्तर असे. अडीच टनी ट्रकांवर बंद पेटीसारखे साचे चढवून यंत्रकाम, वितळजोडकाम, उपकरणदुरुस्ती अशा वेगवेगळ्या गाड्या तयार करीत. या विभागणीत हानीही होती. ठरलेला भाग फळीवर नसेल तर भाग बदलणारा कारागीर हतबल होतो. लेथ जवळ असलेला निदान एखादी बुश कातून वेळ मारून नेतो.

नागरी जीवनात हे वाहन लहान आकारात अवतरले. ब्रिटनमधील ऑटोमोबाइल असोसिएशनने (स्थापना १९०५) १९२० च्या सुमारास साइडकारमध्ये हत्यारे ठेवलेल्या मोटारसायकली रस्त्यांवर फिरविल्या. फोक्सवागेनची ट्रान्सपोर्टर (१९५०) व फोर्डची ट्रान्झिट (१९६५) यांसारख्या बंद व्हॅनमुळे नळकारागीर, वीजतंत्री, लिफ्टदुरुस्तक असे सर्वच फिरते कारागीर चाकांवर आले. पूर्वी त्यांतील फळ्या बहुधा स्थानिक सुतार ठोकून देई. जर्मनीत १९७३ पासून झोर्टिमो या कंपनीने व्हॅनसाठी खणांच्या तयार मांडण्या बनविण्यास आरंभ केला आणि सजावटीचे हे काम स्वतंत्र उद्योग बनले. जड सामान खाली व शक्यतो आसांच्या दरम्यान ठेवणे, दोन्ही बाजूंचे वजन सारखे राखणे, अचानक ब्रेक लागल्यास सुटे सामान चालकाच्या अंगावर येऊ नये म्हणून मध्ये भक्कम आड भिंत घालणे, वायूच्या टाक्या उभ्या जखडून त्यांच्या कप्प्यास हवेचा मार्ग ठेवणे, हे त्याचे नियम. मांडणीचे वजन वाढले की तेवढा माल कमी न्यावा लागतो, म्हणून पोलादाबरोबर ॲल्युमिनियमही वापरात आले.

महाराष्ट्रात हीच विभागणी राज्य परिवहनाच्या कारभारात दिसते. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर या सेवेची पहिली गाडी धावली. मोठी कामे दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कर्मशाळांत आणि विभागीय कर्मशाळांत होतात. घाटात बंद पडलेल्या बसकडे मात्र आगारातून ‘ब्रेकडाऊन व्हॅन’ जाते. तिच्यात लेथ नसतो. पाने, जॅक, चाके, पट्टे, नळ्या व वायरी एवढ्यावरच तिला भागवावे लागते. न जमल्यास बस ओढून नेतात व प्रवाशांना दुसऱ्या गाडीत बसवून देतात. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींत प्रमाणित निदान-जोडणी सक्तीची झाली. तेव्हापासून तेथील फिरत्या कारागिराच्या पेटीत दोष वाचणारे उपकरण कानस-हातोड्याइतकेच आवश्यक ठरले आहे.