बेल आउट!

शनिवारी सकाळी मित्राचा मेसेज - "सॉरी यार, मी बेल आउट करतोय." दोघांनी गोंदियाला, माझ्या घरी जायचं ठरलं होतं, तिकिटंही काढलेली. म्हणजे आपल्या भाषेत पठ्ठ्याने कलटी मारली!

गेलो एकटाच. दुसऱ्या दिवशी बिरसीला चक्कर मारली. तिथली धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात बांधलेली. पुढे तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण सुरू झालं. कुंपणाबाहेर उभा होतो आणि एकदम आठवलं, अरे, बेल आउट हा तर वैमानिकांचा शब्द! पॅराशूट बांधून पडत्या विमानातून उडी मारणे. पॅराशूटने जीव वाचलेल्यांचा १९२२ पासून एक क्लबसुद्धा आहे, कॅटरपिलर क्लब. पॅराशूट रेशमाचं, म्हणून रेशमाची अळी :-)

आता गंमत बघा. होडीत शिरलेलं पाणी उपसणं म्हणजेही बेल, आणि कोर्टातला जामीन म्हणजेही बेल. उडीवाला यातला नेमका कुठला, यावर वाद आहे. ब्रिटिश तर त्याचं स्पेलिंग गासडीवाल्या 'बेल'सारखंही करतात, जणू विमानातून गासडीच खाली टाकली. पण पाणी आणि जामीन, दोघांचा माग काढत गेलं की फ्रेंचमधून लॅटिनमधल्या 'बायुलुस'पाशी पोचतो. अर्थ? हमाल. ओझं वाहणारा.

२००८ मधे अमेरिकेने बुडत्या बँकांसाठी ७०० अब्ज डॉलर मंजूर केले, तेही बेल आउटच. म्हणजे बुडणाऱ्याला वाचवणं आणि त्याला सोडून उडी मारणं, दोन्हीला शब्द एकच. पुढे अमेरिकन पोरांच्या तोंडी त्यातला धोका गेला, उरलं फक्त सटकणं.

मला मात्र हमाल आठवत राहिला. आमचे बाबा एकदा एका मित्राच्या कर्जाला जामीन राहिले होते. मित्र गाव सोडून गेला. मी इंजिनिअरिंगला असताना बाबा माझी फी आणि त्याचे हप्ते, दोन्ही भरत होते. त्या माणसाला त्यांनी कधी शिवी दिल्याचं मला आठवत नाही. आईने दिल्या, भरपूर.

संध्याकाळी चहा पिताना बाबांनी विचारलं, "तुझा मित्र येणार होता ना?"

"कलटी मारली त्याने."

बाबा हसले. "तू जामीन तर नव्हता ना त्याचा?"