एसी कपलिंग (सौर ऊर्जा)
ग्रिडसाठी बनवलेला सौर इन्व्हर्टर बॅटरी-इन्व्हर्टरच्या आधारे स्वतंत्र घरगुती वीजप्रणालीत चालवण्याच्या पद्धतीस एसी कपलिंग म्हणतात. हा सौर इन्व्हर्टर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा पुरवठा आढळल्यावरच सुरू होतो. त्यामुळे असोदा (जि. जळगाव) येथे कडक ऊन असले तरी वीज गेल्यावर तो बंद पडतो, तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ही तरतूद असते. स्वतंत्र प्रणालीत तोच पुरवठा बॅटरी-इन्व्हर्टर निर्माण करतो. खरी अडचण बॅटरी पूर्ण भरल्यावर येते, कारण घरात न वापरलेली वीज तिच्याकडेच वळते. तेव्हा बॅटरी-इन्व्हर्टर वारंवारता ५० हर्ट्झच्या वर नेतो आणि सौर इन्व्हर्टर त्यानुसार उत्पादन घटवतो. घरोघरी असणाऱ्या साध्या इन्व्हर्टरमध्ये ही सोय नसते; त्याच्याशी अशी जोडणी केल्यास तो जळू शकतो.