सूचीतील नोंद आणि छापील पान

सूचीग्रंथ कोणी वाचीत नाही. तो केवळ पाहावयाचा असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. त्यामुळे वाङ्मयेतिहासकारांनी त्याच्या घडणीकडे क्वचितच लक्ष दिले. वास्तविक, ग्रंथाचे पान आणि त्यामागील माहिती यांची जी फारकत संगणकामुळे आज सर्वत्र झालेली दिसते, तिचा आरंभ ज्या थोड्या क्षेत्रांत झाला त्यांत सूचीचे स्थान अग्रभागी आहे. अमेरिकेतील वैद्यकीय वाङ्मयाची ‘इंडेक्स मेडिकस’ ही सूची या दृष्टीने अभ्यसनीय होय.

जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी शल्यवैद्याने सर्जन-जनरलच्या कचेरीतील ग्रंथालयाची जबाबदारी घेतली आणि १८७९ मध्ये या मासिक सूचीस प्रारंभ केला. पुढच्याच वर्षी ग्रंथालयाच्या बृहत्सूचीचा पहिला खंडही निघाला. अमेरिकेच्या जनगणनेशीही बिलिंग्जचा संबंध होता. छिद्रांकित पत्रांनी गणना करण्याची कल्पना आपणांस त्याच्याशी झालेल्या संभाषणातून सुचली, असे हर्मन हॉलेरिथ याने स्वतःच सांगितले आहे. सूचीकार आणि गणकयंत्र यांचा ऋणानुबंध असा जुना आहे.

सूचीचे खरे दुखणे पुनरावृत्तीचे होते. मासिक अंकांतील नोंदी वर्षाखेरीस एकत्र करावयाच्या, तर सारी जुळणी नव्याने करावी लागे. १९५६ मध्ये हे ग्रंथालय राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय झाले. त्याचे संचालक फ्रँक रॉजर्स यांच्या कारकीर्दीत १९६० पासून प्रत्येक नोंद छिद्रांकित पत्रावर टंकित करून, ती पत्रे क्रमाने लावून त्यांची छायाचित्रे घेण्याची रीत सुरू झाली. जुळणी उरली नाही. उरले ते क्रम लावणे. १९६४ मध्ये नोंदी चुंबकीय फितीवर आल्या. परंतु तत्कालीन गणकयंत्रांची मुद्रणयंत्रे रोमन लिपीतील केवळ मोठी अक्षरे उमटवीत, आणि तसे पान वाचकास शीण आणणारे होते. म्हणून ‘ग्रेस’ नावाचे प्रकाशजुळणीचे यंत्र मुद्दाम तयार करविण्यात आले. सेकंदास सुमारे ३०० अक्षरे या गतीने ते फिल्मवर सुबक पान उतरवी. ऑगस्ट १९६४ चा अंक या रीतीने सिद्ध झाला.

त्या अंकाच्या वाचकास कदाचित काहीच बदल जाणवला नसेल. परंतु नाते उलटले होते. पूर्वी पान हीच सूची होती; आता पान हे सूचीचे एक रूप ठरले. त्याच फितीवरून एखाद्या वैद्याच्या पृच्छेस स्वतंत्र उत्तरही देता येई. १९७१ मध्ये ‘मेडलाइन’द्वारा दूरस्थ ग्रंथालये थेट शोध घेऊ लागली, १९९७ मध्ये हा शोध सर्वांस विनामूल्य झाला आणि २००४ च्या अखेरीस छापील ‘इंडेक्स मेडिकस’ बंद पडली. जे प्रथम साध्य होते ते क्रमाने उपफल, आणि शेवटी अनावश्यक ठरले.

या स्थित्यंतरात यंत्राने विवेकाचे काम मात्र केले नाही. ‘कर्करोग’ आणि ‘अर्बुद’ या शब्दांखाली विखुरणारे लेख एकत्र आणावयाचे की नाही, हे १९६० पासून प्रसिद्ध होत आलेल्या विषयशीर्षकांच्या कोशाने ठरविले, आणि तो कोश माणसांनी रचिला. शीर्षक चुकले तर यंत्र तीच चूक सहस्रावधी ठिकाणी इमानाने वठविते.

लाभ निर्विवाद आहे. हानीही नोंदविली पाहिजे. हा कोश दरवर्षी सुधारला जातो, आणि जुन्या नोंदींची शीर्षकेही त्यानुसार बदलली जातात. १९७० मधील लेख आज आजच्या परिभाषेत भेटतो. तो त्या वर्षी कोणत्या नावाखाली, कोणत्या शेजाऱ्यांसह मांडला गेला होता, हे केवळ छापील खंडच सांगू शकतो. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांचा भाग उघडणाऱ्यासही हाच अनुभव येतो: तेथे ग्रंथांबरोबरच त्यांचे वर्गीकरण करणारी दृष्टीही जतन झालेली आहे. तीत उणे आढळल्यास दाखविता येते. मुळातील नोंद पुसली जात नाही.

मराठीतील सूची संगणकावर आणताना हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. सुधारणा अवश्य व्हावी. परंतु प्रत्येक सुधारणेची तिथी आणि तिने दूर सारलेली नोंद यांनाही सूचीत जागा असावी. शोधणाऱ्यास आजचे उत्तर हवे असते. इतिहासकारास कालचे उत्तरही तितकेच हवे असते.