फुफ्फुसाचा कर्करोग आणि शस्त्रवैद्य

जोतिबाच्या डोंगरावरून पूर्वेस मिरजेची वाट जाते आणि दक्षिणेस निपाणीची. मिरजेस डॉ. वानलेस यांचें इस्पितळ १८९४ सालीं निघालें, आणि शस्त्रक्रियेवर विश्वास ठेवावयास या मुलुखानें तेथें शिकून घेतलें. निपाणीनें विडीची तंबाखू पिकविली. आजच्या विषयांत शस्त्र व तंबाखू या दोहोंचाहि संबंध येतो.

फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या जाती अनेक. त्यांतील एकीच्या पेशी लहान, ओट नांवाच्या धान्याच्या दाण्यांसारख्या दिसतात. छातीच्या मध्यभागीं होणारा हा निराळाच रोग, अशी पूर्वीं समजूत होती. तो फुफ्फुसांतूनच उगम पावतो, हें बर्नार्ड या इंग्रज विकृतिशास्त्रज्ञानें १९२६ सालीं दाखविलें. तो होतो बहुतेक धूम्रपान करणारांसच.

एप्रिल १९३३ मध्यें अमेरिकेंत सेंट लुई येथें इव्हार्ट्स ग्रॅहम यांनीं कर्करोग झालेल्या एका डॉक्टराचें सबंध डावें फुफ्फुस काढलें. तो रुग्ण पुढें तीस वर्षें जगला! शस्त्रवैद्यांत उत्साह संचारला, यांत नवल काय? (ग्रॅहम स्वतः मात्र १९५७ सालीं फुफ्फुसाच्याच कर्करोगानें वारले.) आपल्याकडे परळचें टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, आणि कोल्हापूरकडील रोग्यांसहि जावयास एक खास ठिकाण झालें.

परंतु ग्रॅहम यांच्या रुग्णाचा कर्करोग निराळ्या जातीचा होता. लहान पेशींचा कर्करोग फार उतावळा. गांठ ध्यानांत येईपर्यंत त्याच्या पेशी बहुधा रक्तावाटें यकृत, हाडें, मेंदू येथवर पोंचलेल्या असतात. झाड तोडावें, तों बीं रानभर पसरलेलें!

याचा पडताळा ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधन मंडळानें पाहिला. शस्त्रक्रिया शक्य वाटत होती अशा १४४ रोग्यांपैकीं ७१ जणांस शस्त्रक्रिया व ७३ जणांस किरणोपचार नेमून दिले. दहा वर्षांचा वृत्तांत १९७३ सालीं प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या गटाचें सरासरी आयुष्य १९९ दिवस, किरणोपचाराच्या गटाचें ३०० दिवस. पहिल्या गटांतील निम्म्याहून अधिकांची गांठ पूर्ण काढतांच आली नाहीं. दहा वर्षांनंतर तिघे हयात होते, आणि ते तिघेहि किरणोपचाराचे. माझ्या मतें, आपलीच विद्या अशी तराजूंत घालण्यास छाती उघडण्याहून अधिक धैर्य लागतें.

पुढें रक्तावाटें सर्वत्र पोंचणारीं औषधें आलीं. त्यांस किरणोपचाराची जोड मिळाली. औषधांनंतर तरी शस्त्रक्रिया उपयोगी पडेल काय, हेंहि पाहून झालें. १९९४ च्या अहवालांत तिचा लाभ दिसला नाहीं.

आपल्या घरांतून मात्र अजून म्हणतात, “कापून टाका, म्हणजे सुटलों.” डॉक्टर नाहीं म्हणाले कीं त्यांनीं आशा सोडली असें वाटतें, आणि दुसरा डॉक्टर शोधण्यांत मोलाचे दिवस जातात. या रोगांत आठवडेहि थोडे नव्हेत.

शस्त्रास अगदींच स्थान उरलें नाहीं असें नव्हे. शंभरांत सुमारें पांच रोग्यांत गांठ लहान व एकाच जागीं सांपडते. अशा वेळीं छातींतील लसिकाग्रंथी व मेंदू तपासून, रोग तेथें पोंचला नाहीं अशी खात्री झाल्यावर ती काढतात, आणि त्यानंतरहि औषधें देतातच.